वाघोटण खाडीतली गोदी



नागपूरजवळच्या कळमेश्वरहून समुद्र दूर आहे. एकट्या समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर, आणि तो जिथे संपतो तिथूनही लाटा दिसत नाहीत. तरीही आज या गावात एका गोदीची गोष्ट सांगायची आहे. आरमाराचा इतिहास जंगलात सुरू होतो आणि जंगलाची, विशेषतः सागवानाची, पारख विदर्भाला सांगावी लागत नाही. मध्य प्रांताचा साग 'सीपी टीक' या नावाने देशभरच्या वखारींत ओळखला गेला. दिल्लीतल्या नव्या संसद भवनासाठीही साग नागपूरहून गेला. ज्या गावाजवळच्या बाजारात ओंडक्याच्या रेषा पाहून त्याचे वय सांगणारी माणसे आहेत, त्या गावाला जहाज कसे बांधतात हे लवकर कळेल.

गोदी विजयदुर्गाजवळची आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात देवगड तालुक्याच्या उत्तर टोकाला वाघोटण नदी समुद्राला मिळते. मुखावर विजयदुर्ग उभा आहे. किल्ल्यापासून सुमारे तीन किलोमीटर आत गेले की खाडीच्या एका फाट्यावर, गिर्ये गावाच्या हद्दीत, ही गोदी लागते. काही भाग खडक तासून केलेला, काही दगडी बांधणीचा. लांबी सुमारे १०९ मीटर, तोंडाशी रुंदी सुमारे ७० मीटर. कळमेश्वरच्या शाळेतल्या मुलांनी फुटबॉलचे मैदान डोळ्यांसमोर आणावे. आकार जवळजवळ तेवढाच भरेल. किनाऱ्यावरून जाणाऱ्या शत्रूच्या जहाजाला हे ठिकाण दिसत नाही. खाडीत शिरायचे तर किल्ल्याच्या तोफांखालून जावे लागते. जागा निवडणाऱ्याला पाणी, वारा आणि शत्रू या तिन्हींची जाण होती.

अठराव्या शतकात या एवढ्याशा जागेतून मराठ्यांचे लढाऊ आरमार बांधले गेले, दुरुस्त झाले, जळाले आणि पुन्हा उभे राहिले. किल्ल्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले, सरदारांबद्दलही लिहिले गेले. गोदी मात्र त्या लिखाणात कडेला राहिली. आजच्या व्याख्यानात तिला मध्यभागी आणायचे आहे.

कोकणच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतले अंतर साधारण दोन ते तीन मीटरचे असते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांगाचे, म्हणजे कमी भरतीचे, पाणी असते. अशा गोदीचे सारे वेळापत्रक या पंचांगावर चालते. उधाणाच्या भरतीला जहाज आत घ्यायचे, दोन्ही बाजूंनी आधार द्यायचे आणि पाणी उतरले की तळ उघडा पडतो. मग खरे काम सुरू होते. तळाला चिकटलेले शंखशिंपले खरवडायचे, लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्याने किती नुकसान केले ते ठोकून पाहायचे, कुजलेली फळी काढून नवी बसवायची. फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ भरायची. तळाला तेल आणि चुन्याचा जाड लेप द्यायचा. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत पोलादी पत्र्यावर जस्ताचा लेप चढतो तो गंजापासून वाचवण्यासाठी. गिर्येच्या गोदीत चुन्याचा लेप चढत होता तो किड्यापासून वाचवण्यासाठी. लेप उडाला की आयुष्य संपले, हे दोन्ही ठिकाणी खरे.

पुढच्या उधाणाला जहाज बाहेर. मुहूर्त चुकला तर पंधरा दिवस थांबणे आले, आणि युद्धाच्या मोसमात पंधरा दिवस म्हणजे एखादी मोहीम.

पश्चिम किनाऱ्यावरच्या सुतारांचे एक वैशिष्ट्य मुंबईला आलेल्या इंग्रजांनीही मान्य केले होते. युरोपात फळ्या एकमेकींना नुसत्या कडेला कड लावून बसवत. इथले कारागीर एका फळीला खाच आणि दुसरीला तिच्यात बसेल अशी कड ठेवत, मध्ये कापूस आणि राळ घालत, आणि मग ठोकत. सांधा इतका घट्ट बसे की पाणी झिरपायला जागा राहत नसे. त्यात लाकूड सागवान. ओक लोखंडी खिळ्याला गंजवतो. सागातले तेल खिळा टिकवते. ओकचे जहाज दहा-पंधरा वर्षांत मोठी दुरुस्ती मागे, सागाचे जहाज कित्येक दशके चाले.

साग आणायचा कुठून आणि कसा, याचा विचार मराठी राज्याने लेखी करून ठेवला होता. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' १७१५-१६ च्या सुमाराचे. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्या प्रकरणात झाडांवर जे लिहिले आहे ते आजच्या वनखात्यानेही भिंतीवर लावावे असे आहे. साग वगैरे लाकूड हुजूरच्या परवानगीने तोडून न्यावे. आंबा, फणस हीसुद्धा आरमाराच्या उपयोगाची झाडे, पण त्यांना हात लावू देऊ नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्याला राजी करून, त्याला पैसे देऊन तोडावे, जबरदस्ती मुळीच करू नये. लढाऊ आरमाराच्या गरजेपुढेही शेतकऱ्याच्या आंब्याचा हक्क मानणारा हा विचार आहे. युद्धकाळात राज्ये सहसा झाडे मोजतात, झाडाचा धनी मोजत नाहीत.

आता जहाजांकडे वळू. मराठी आरमाराची दोन मुख्य वाहने: गुराब आणि गलबत. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, रुंद पोटाची, पाण्यात फार खोल न बुडणारी. तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, लांब आणि निमुळती. त्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा, शिवाय बाजूंना तोफांची रांग. मोठ्या गुराबा १५० ते ३०० टनांच्या असत. गलबत त्याहून लहान, साधारण ७० टनांपर्यंतचे. त्याला शिडे असत आणि चाळीस-पन्नास वल्हीही असत. वारा पडला की युरोपीय जहाज जागच्या जागी लोळत राही. तेव्हा गलबते वल्हवत जाऊन गुराबेला दोराने ओढत आणत. शत्रूच्या पिछाडीला, जिथे त्याच्या तोफा सर्वांत कमी, तिथे गुराबेची नाळ रोखली की तोफा बोलू लागत. मग गलबतांतून माणसे दोर टाकून चढत.

हे डावपेच गोदीत ठरत होते. रुंद पोट आणि उथळ बूड असल्यामुळे गुराब खाडीत, वाळूच्या पट्ट्यांवरून, मोठे जहाज जिथे शिरू शकत नाही तिथे शिरे. समुद्रावर सरदाराने घेतलेला निर्णय आधी मिस्त्रीने लाकडात घेतलेला असे.

मराठी आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, कान्होजी आंग्रे १६९८ च्या सुमारास विजयदुर्गावर आले. त्यांच्या हयातीत, १७१७ पासून पुढच्या काही वर्षांत, मुंबईच्या इंग्रजांनी या किल्ल्यावर चढाया केल्या आणि त्या फसल्या. १७२४ मध्ये डचांनी प्रयत्न केला, तोही फसला. १७२९ मध्ये कान्होजी वारले. त्यांच्या मुलांत भाऊबंदकी माजली आणि कुलाब्याची व विजयदुर्गाची अशा दोन शाखा झाल्या. विजयदुर्ग संभाजी आंग्र्यांकडे राहिला. गिर्येच्या रामेश्वर मंदिरापाशी त्यांची समाधी आहे.

संभाजींच्या काळात, डिसेंबर १७३५ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीचे 'डर्बी' हे मोठे व्यापारी जहाज विजयदुर्गच्या आरमाराने पकडून आणले. त्यावर मुंबईच्या आरमारासाठी इंग्लंडहून पाठवलेले सामान होते. लढाईत जिंकलेले सोने दरबारात जाते. असे सामान गोदीत जाते आणि तिथे त्याची किंमत सोन्याहून जास्त ठरते.

योगायोग असा की त्यानंतर वर्षभरातच, १७३६ मध्ये, सुरतेचे एक पारशी सुतार मुंबईला कंपनीच्या कामावर आले. नाव लवजी नसरवानजी वाडिया. त्यांच्याकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

संभाजींनंतर त्यांचे भाऊ तुळाजी आले. त्यांच्या काळात गोदी पूर्ण भरात होती आणि त्याच काळात तिचे आरमार जळाले. तुळाजींचे पेशव्यांशी बिनसले होते. ते पुण्याचा अंमल जुमानत नव्हते, कोकणातल्या पेशव्यांच्या माणसांना त्यांचा उपद्रव होत होता. ही तक्रार खोटी नव्हती. नानासाहेब पेशव्यांनी तिच्यावर जो उपाय निवडला तो असा की इंग्रजांशी १७५५ मध्ये करार करून स्वतःच्याच राज्याचे आरमार दोन्ही बाजूंनी घेरले. त्या वर्षी कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या वर्षी ॲडमिरल वॉटसन आपले राजेशाही आरमार घेऊन विजयदुर्गाच्या तोंडाशी आला. जमिनीवरच्या सैन्याचा प्रमुख रॉबर्ट क्लाइव्ह होता. प्लासीच्या लढाईला अजून सव्वा वर्ष होते.

तो दिवस १२ फेब्रुवारी १७५६. तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेले होते, किल्ला नातेवाइकांच्या हाती होता. आरमार किल्ल्याच्या तटाखाली दाटीने बांधून ठेवलेले होते. दुपारी मारा सुरू झाला. तुळाजींनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडून आणलेल्या 'रेस्टोरेशन' या जहाजावर एक गोळा पडला आणि ते पेटले. दोरांनी एकमेकांना बांधलेली जहाजे एकामागून एक पेटत गेली. आग काठावर पोचली आणि बांधणीत असलेली दोन मोठी जहाजेही जळाली. त्यांपैकी एक चाळीस तोफांसाठी बांधले जात होते.

त्या चाळीस तोफांच्या सांगाड्यापाशी इतिहासाच्या वाचकाने थांबायला हवे. गुराबा आणि गलबते किनाऱ्यालगतच्या युद्धाची वाहने होती. चाळीस तोफांचे जहाज म्हणजे खोल समुद्रातल्या लढाईची तयारी. गोदी एक पायरी वर चढत होती. ते जहाज पाण्यात उतरले असते तर काय झाले असते, याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. एवढे मात्र सांगाड्यानेच सिद्ध केले होते की अडचण कारागिरीची नव्हती.

दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. दोनशेच्या आसपास तोफा आणि सुमारे दहा लाख रुपये हाती आले. ती लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. मित्र म्हणवणाऱ्या पेशव्यांना तिच्यातला वाटा मिळाला नाही. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले आणि कैदेतच वारले. किल्ला परत मिळवायला पेशव्यांना ऑक्टोबर १७५६ पर्यंत वाटाघाटी कराव्या लागल्या. बाणकोट इंग्रजांकडे राहिले.

नानासाहेबांच्या या निर्णयावर मराठी इतिहासकारांनी खूप वाद घातला आहे. तुळाजी बेबंद होते, हे मान्य करूनही निकाल द्यायचा तर तो असा: माणसाला शिक्षा करताना संस्था जाळली गेली. सरदार बदलता येतो. जहाजे, त्यांच्या तोफा आणि ती चालवणारी तरबेज माणसे एका संध्याकाळी गेली की परत यायला पिढी लागते.

पिढीच लागली. पण गोदी उरली होती. दगड जळत नाही, आणि गिर्ये-विजयदुर्गच्या सुतारांच्या हातातली कला त्या आगीत गेली नव्हती. पेशव्यांनी विजयदुर्ग हे आपल्या आरमाराचे मुख्य ठाणे केले आणि १७६४ च्या सुमारास आनंदराव धुळप यांच्याकडे आरमाराचा सुभा आला. त्यांच्या हाताखाली त्याच गोदीत नवे आरमार उभे राहिले. 'महादेव', 'नारायणपाल', 'दत्तप्रसाद' अशी त्यातल्या जहाजांची नावे. 'पाल' हा गुराबेहून मोठा प्रकार. म्हणजे गोदी पुन्हा मोठ्या जहाजांकडे वळली होती.

त्या आरमाराची कसोटी ८ एप्रिल १७८३ रोजी रत्नागिरीजवळ लागली. इंग्रजांचे 'रेंजर' हे बारा तोफांचे जहाज कर्नाटकात टिपूविरुद्ध लढणाऱ्या सैन्याकडे अधिकारी घेऊन चालले होते. त्यात कर्नल मॅकलिऑड, कर्नल हंबरस्टन, मेजर शॉ अशी मंडळी होती. धुळपांच्या आरमाराने त्यांना गाठले. मोठी झुंज झाली. शॉ जागीच पडला, हंबरस्टन जखमांनी नंतर मेला, 'रेंजर' पकडून विजयदुर्गला आणले गेले. इंग्रजांशी सालबाईचा तह झालेला असल्याने जहाज पुढे सोडून द्यावे लागले. तरी सत्तावीस वर्षांपूर्वी जिथे सारे आरमार जळाले होते, त्याच खाडीत पकडलेले इंग्रजी जहाज उभे राहिले, ही गोष्ट लहान नाही. पराक्रम धुळपांचा, खलाशांचा, तोफचींचा. त्यांच्या पायाखालची फळी गोदीची.

आता लवजी वाडियांकडे.

मुंबईतही तोच समुद्र होता, तोच साग होता, त्याच किनाऱ्यावरची सुतारकी होती. १७५० मध्ये मुंबईत कोरडी गोदी तयार झाली. मुख्य बांधकाम-मिस्त्रीचे पद वाडिया घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालले आणि त्या घराण्याने तीनशेच्या वर जहाजे बांधली. १८१० मध्ये 'मिंडेन' या मोठ्या युद्धनौकेचे काम पुरे झाले. ब्रिटिश बेटांबाहेर बांधलेली ही राजेशाही आरमाराची पहिली मोठी युद्धनौका. १८१३ ची 'कॉर्नवॉलिस' हीसुद्धा मुंबईचीच. तिच्याच डेकवर १८४२ मध्ये चीनने नानजिंगच्या तहावर सही केली आणि हाँगकाँग गमावले.

दोन गोद्यांत फरक कशाचा होता? हाताचा नव्हता. 'ट्रिंकोमाली' या युद्धनौकेचे नकाशे लंडनहून मुंबईला निघाले ते 'जावा' नावाच्या जहाजातून. १८१२ च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'शी झालेल्या लढाईत 'जावा' गेले आणि नकाशेही गेले. लंडनने दुसरे नकाशे पाठवले. काम उशिरा झाले, पण झाले. ज्ञान कागदावर होते, म्हणून ते बुडूनही उरले. कामाची मागणी सलग होती, पैसा ठरल्या वेळी येत होता, गुरूनंतर शिष्याची नेमणूक लेखी होत होती. गिर्येच्या गोदीत ज्ञान मिस्त्रीच्या हातात आणि पैसा पुण्याच्या राजकारणात अडकलेला. दरबार समुद्राकडे लक्ष देई तेव्हा गोदी गजबजे, दरबार उत्तरेच्या मोहिमांत गुंतला की गोदी थंडावे. शिवाय तोफा. इथले कारागीर उत्तम जहाज बांधत, पण त्यावर चढवायच्या चांगल्या तोफा बहुधा विकत घ्याव्या लागत किंवा शत्रूच्या जहाजावरून उतरवून आणाव्या लागत. जो शत्रूच्या ओतशाळेवर अवलंबून असतो त्याचे आरमार शत्रूच्या मर्जीने वाढते.

या दोन गोद्यांच्या नशिबांची गाठ १८१७ च्या तीन घटनांत पडते. १२ ऑक्टोबरला मुंबईत 'ट्रिंकोमाली' पाण्यात उतरली. ५ नोव्हेंबरला पुण्याजवळ खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचा शेवट सुरू झाला. २६ आणि २७ नोव्हेंबरला कळमेश्वरपासून काही कोसांवर, सीताबर्डीच्या टेकडीवर, आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य हरले. सुमारे दीड महिन्यात हे सारे घडले. पुढच्या वर्षी, जून १८१८ मध्ये, विजयदुर्ग इंग्रजांच्या ताब्यात गेला. रत्नागिरीच्या मुलखात अखेरपर्यंत तग धरलेल्या ठाण्यांपैकी ते एक. तेव्हा धुळपांचे चारशे टनांहून मोठे जहाज खाडीत उभे होते. गोदी शेवटच्या दिवसापर्यंत निकामी झाली नव्हती. तिला काम सांगणारे राज्य तेवढे संपले.

'ट्रिंकोमाली' आजही पाण्यावर आहे. इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात लोक तिकीट काढून तिच्यावर चढतात आणि मुंबईच्या सुतारांनी बसवलेल्या मलबारी सागावरून हात फिरवतात. दोनशे वर्षे उलटली. गिर्येत बांधलेल्या एकाही जहाजाला असे नशीब लाभले नाही. तिथे राहिले ते दगड. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या पुरातत्त्वज्ञांनी या गोदीचा अभ्यास केला, मोजमापे प्रसिद्ध केली. विजयदुर्गच्या परिसरात जुने दगडी नांगरही मिळाले आहेत. म्हणजे ही खाडी मराठ्यांच्या आधीपासूनच जहाजांना ठाऊक होती.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले, त्यात विजयदुर्ग आहे. आता तिथे सहली वाढतील. बुरूज मोजले जातील, तटावर छायाचित्रे निघतील, मार्गदर्शक कान्होजींचे आणि आनंदरावांचे नाव घेतील. ते योग्यच आहे. पण सरखेल आणि सुभेदार यांच्या नावांच्या यादीत मिस्त्री येत नाहीत, सागाचा ओंडका खांद्यावर घेणारे येत नाहीत, सांध्यात राळ भरणारे येत नाहीत. त्यांचे एकमेव स्मारक म्हणजे ती गोदी. गाळ आणि झुडपे ते स्मारक भरून काढत असतील तर त्याची काळजी एकट्या देवगड तालुक्यावर टाकून चालणार नाही. विदर्भातल्या इतिहासप्रेमींनी, इथल्या महाविद्यालयांनी, लाकडाच्या आणि पोलादाच्या धंद्यातल्या जाणत्यांनीही तिच्याबद्दल विचारले पाहिजे, लिहिले पाहिजे, सरकारदरबारी मागणी केली पाहिजे: गोदीचे संपूर्ण मापन व्हावे, गाळ शास्त्रीय पद्धतीने निघावा आणि किल्ल्याच्या फलकाशेजारी गोदीचाही फलक लागावा.

या सभागृहातले कुणी पुढच्या सुट्टीत विजयदुर्गला जाणार असतील तर त्यांना एक विनंती आहे. किल्ला पाहून झाला की परत फिरू नका. तीन किलोमीटर आत गिर्येच्या गोदीपर्यंत जा, मुलांना बरोबर न्या, आणि जाण्यापूर्वी गावात भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्या. ओहोटीला पोचलात तर भिंतींचे दगड जास्त उघडे दिसतील.